सेंट मार्टिन ते व्हर्जिन गोर्डा: रात्रभराचं सेलिंग कोणत्या क्रमाने करायचं

सेंट मार्टिनच्या सिंप्सन बेमधून संध्याकाळी निघायचं, रात्रभर शिडावर जायचं आणि सकाळी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या व्हर्जिन गोर्डाला पोचायचं. अंतर साधारण ८० नॉटिकल मैल, वारा बहुतेक वेळा पाठीमागून, मध्ये एकही बेट नाही. कागदावर सोपं दिसतं म्हणूनच लोक गाफील राहतात. "उशीर नको व्हायला" म्हणून दुपारीच निघतात, पूर्ण शिडं लावतात, बोट मस्त ७ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) पळते आणि मग पहाटे अडीच-तीनला किर्र अंधारात, झोप न झालेल्या अवस्थेत खडकांच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. या मार्गावर उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही, लवकर पोचल्याने मात्र बिघडतं. खालचे सगळे टप्पे ही गोष्ट धरूनच लिहिलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. बोट चार्टरची असेल तर काँट्रॅक्ट वाचा. बहुतेक बेअरबोट (कॅप्टनशिवाय बोट भाड्याने देणाऱ्या) कंपन्या सूर्यास्तानंतर सेलिंग करू देत नाहीत आणि तरी केलंत तर इन्शुरन्सही सोबत राहत नाही, त्यामुळे हा मार्ग स्वतःच्या बोटीवर किंवा लेखी परवानगी असेल तरच.

टप्पा १: मार्ग डोक्यात बसवा

सिंप्सन बे ते राउंड रॉक सुमारे ७६ मैल आणि तिथून व्हर्जिन गोर्डाचं बंदर स्पॅनिश टाउन आणखी चार-पाच मैल. राउंड रॉक हा व्हर्जिन गोर्डाच्या दक्षिणेला, जिंजर आयलंडच्या शेजारी असलेला खडक, आणि या दोघांमधून आत शिरायचं असतं. दिशा ट्रू (खऱ्या उत्तरेपासून मोजलेली) २८७ अंशांच्या आसपास. इथे कंपासचा फरक सुमारे १४ अंश पश्चिम आहे, म्हणजे कंपासवर ३०१ च्या आसपास दिसायला हवं. नेमका आकडा तुमच्या चार्टवरून घ्या.

हा ट्रू आणि मॅग्नेटिक (कंपासवरच्या) दिशेचा गोंधळ फार जण करतात. प्लॉटर (जीपीएसचा नकाशा) एका सेटिंगवर, ऑटोपायलट दुसऱ्या, आणि हाताने लिहिलेला आकडा तिसऱ्याच. १४ अंशांची चूक ७६ मैलांत जवळपास १८ मैल बाजूला नेते. ती चूक उत्तरेकडे झाली तर समोर अनेगाडा. अनेगाडा हे सपाट प्रवाळाचं बेट, सगळ्यात उंच जागा जेमतेम ८ मीटर, आणि त्याच्या आग्नेयेला लांबच लांब पसरलेला हॉर्सशू रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग. रात्री यातलं काहीही दिसत नाही. त्यात अनेगाडा पॅसेजमधला, म्हणजे तुम्ही ओलांडता त्या मोकळ्या समुद्रातला प्रवाह साधारणपणे पश्चिम-वायव्येकडे ओढतो, म्हणजे तुम्हाला हळूहळू त्याच बाजूला सरकवतो.

तपासणी: प्लॉटर, ऑटोपायलट आणि लॉगबुक तिन्हीकडे एकच पद्धत लावली आहे का? शेवटचा वेपॉइंट (प्लॉटरवर ठरवलेला बिंदू) राउंड रॉकवर ठेवू नका, त्याच्या ५ मैल आधी मोकळ्या पाण्यात ठेवा, म्हणजे सगळ्यांचा डोळा लागला तरी ऑटोपायलट बोटीला खडकाच्या दिशेने नेत बसणार नाही.

टप्पा २: कागदपत्रं, निदान आठवडाभर आधी

सेंट मार्टिन बेट दोन भागांत आहे, डच आणि फ्रेंच, आणि दोन्हीकडचं क्लिअरन्स (येण्या-जाण्याची कस्टम्स-इमिग्रेशनची नोंद) वेगळं. सिंप्सन बेमधून निघायचं असेल तर डच बाजूने क्लिअर आउट करा. त्यांचं ऑफिस सिंप्सन बेच्या पुलाजवळच आहे. तो कागद जपून ठेवा, पुढच्या बंदरात तो मागतातच, आणि त्यावर निघायची मुदत असते, म्हणून दोन दिवस आधीच क्लिअर करून हवामानाची वाट बघत बसू नका. पलीकडच्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या क्लिअरन्ससाठी सेलक्लिअर या वेबसाइटवर बोटीची आणि क्रूची माहिती आधीच भरून ठेवली की सकाळचा अर्धा त्रास वाचतो.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचे नियम विमानाने येणाऱ्यांसाठी एक आणि खासगी बोटीने येणाऱ्यांसाठी दुसरे असू शकतात, तेव्हा मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, संबंधित इमिग्रेशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि "काही झालं तर सरळ सेंट थॉमसला जाऊ" असा प्लॅन अमेरिकेचा व्हिसा असेल तरच करा.

टप्पा ३: दिवस निवडा

मला तीन गोष्टी एकत्र जुळलेल्या लागतात. वारा २० नॉटच्या आत, लाटा २ मीटरच्या आत, आणि दोन लाटांमधलं अंतर ८ सेकंदांपेक्षा जास्त. या पॅसेजमध्ये अटलांटिकची लाट सरळ आत येते, तेव्हा नुसता वाऱ्याचा आकडा बघून निघणाऱ्यांचे रात्री हाल होतात. अॅपवर १८ नॉट दिसत असेल तर झोत २५ चा धरून चाला.

डिसेंबर-जानेवारीत ख्रिसमस विंड्स म्हणून जे वारे येतात ते दिवसेंदिवस २५ च्या वर राहू शकतात, तेव्हा गप्प थांबायचं. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठी स्वेल, म्हणजे दूरच्या वादळांची लांब लाटही येते, त्या वेळी व्हर्जिन गोर्डाच्या उत्तरेला असलेल्या नेकर बेटाकडच्या वाटेने आत जायचा विचार सोडा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेन सीझन, त्यात मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं बुलेटिन रोज बघायचं आणि ट्रॉपिकल वेव्ह (पाऊस-वादळाचा पट्टा) येत असेल तर निघायचं नाही.

जमलं तर पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीची रात्र निवडा. चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि रात्रीचा बराच काळ सोबत राहतो. पौर्णिमेनंतर तो रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे सुरुवातीचे तास, जेव्हा डोळे आणि क्रू दोन्ही अजून रुळलेले नसतात, तेच नेमके काळोखात जातात.

सावधान: परतीचं विमान ठरलंय म्हणून दिवस निवडू नका. या मार्गावर ज्यांचं बिनसतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात एखादी फ्लाइट असते.

टप्पा ४: वेळेचं गणित, उलट्या बाजूने

आधी पोचायची वेळ ठरवा, मग निघायची. पोचायची चांगली वेळ सकाळी आठच्या आसपास: सूर्य वर आलेला, तोही तुमच्या पाठीमागे, त्यामुळे पुढचं पाणी स्वच्छ दिसतं, आणि ऑफिसंही उघडत असतात.

जानेवारीत इथे सूर्य पावणेसहा-सहाला मावळतो आणि सकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये मावळायला पावणेसात होतात आणि उगवतो पावणेसहाच्या आसपास. संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा, अंधार पटकन पडतो.

आता जानेवारीचा हिशोब. किनाऱ्याजवळचे माशांचे आणि लॉबस्टरचे पिंजरे उजेडात पार करायचे आहेत, म्हणून ५ वाजता निघू. ८० मैलांना:
७ नॉटने साडेअकरा तास, म्हणजे पहाटे साडेचार. नको.
६ नॉटने सव्वातेरा तास, म्हणजे सव्वासहा. अजूनही अर्धवट अंधार. नको.
सव्वापाच-साडेपाच नॉटने पंधरा तास, म्हणजे सकाळी आठ. हेच पाहिजे.

म्हणजे ४० फुटी बोट असेल तर ती मुद्दाम हळू चालवायची आहे. हे मनाला पटायला वेळ लागतो, क्रूमधल्या हौशी माणसाला तर रात्रभर शिड वाढवावंसं वाटत राहतं, म्हणून निघण्याआधीच सगळ्यांसमोर हे आकडे बोलून घ्या. जूनमध्ये रात्र लहान, तेव्हा तासभर उशिरा निघालात तरी चालतं.

लॉगबुकच्या पहिल्या पानावर दोन वेळा मोठ्या अक्षरात लिहा:
रात्री १२ वाजता: सुमारे ३७ मैल झालेले, ४३ उरलेले.
पहाटे ५ वाजता: राउंड रॉकपासून निदान १२ मैल लांब.

समजा मध्यरात्री बघितलं तर ४८ मैल झालेत आणि ३२ च उरलेत. आठ तासांत ३२ मैल म्हणजे स्पीड ४ नॉटवर आणायला हवा, आणि तो तेव्हाच आणायचा. "पुढे बघू" म्हणून ढकललं की तीन वाजता सगळे थकलेले असताना तेच काम करावं लागतं.

टप्पा ५: बोट, उजेड असताना

डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) मागे ओढत न्यायची नाही. वर घ्या, बांधा, तिचं आउटबोर्ड इंजिन काढून रेलिंगवर लावा. अँकरला दोरीने वेगळं बांधा, नुसत्या चेनवर भरवसा नको. सगळ्या खिडक्या आणि हॅच बंद, खालची कपाटं बंद, शेगडीवर काही सुटं नको.

इंजिन अर्धा तास चालवून बघा. पाठीमागच्या लाटेत बोट रात्रभर डोलते आणि टाकीच्या तळाचा गाळ ढवळून वर येतो, मग नेमकं सकाळी बंदरापाशी इंजिन गुदमरतं. जादाचा डिझेल फिल्टर आणि तो बदलायचे पाने हाताशी ठेवा. बिल्जमधलं (बोटीच्या तळातलं) पाणी उपसायचा पंप हाताने आणि ऑटोवर दोन्ही तपासा.

दिवे. शिडावर असताना डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी दिवा किंवा खालचे डेकवरचे दिवे, दोन्हीपैकी एकच. इंजिन चालू केलं की तिरंगी बंद, डेकवरचे दिवे चालू आणि सोबत पुढचा पांढरा स्टीमिंग दिवा. दोन्ही एकदम लावून फिरणाऱ्या बोटी इथे रोज दिसतात आणि समोरच्या जहाजाला तुम्ही कोण, कुठल्या दिशेला चाललात काहीच कळत नाही. एआयएस (जहाजांना एकमेकांची जागा रेडिओवर कळवणारं यंत्र) नुसतं रिसीव्ह करतंय की ट्रान्समिटही, हेही बघा.

दोन्ही बाजूंच्या जॅकलाइन (डेकवर टेदर, म्हणजे अंगावरचा सुरक्षा-पट्टा, अडकवायच्या दोऱ्या) अंधार पडायच्या आत टाकलेल्या हव्यात. इपर्ब (संकटात उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र) रजिस्टर केलेला आणि कुठे ठेवलाय हे प्रत्येकाला माहीत.

तपासणी: किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे बोटीचं नाव, क्रूची यादी, निघायची-पोचायची वेळ आणि "दुपारी १२ पर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं" हे लिहून दिलंय का? पॅसेजच्या मध्यावर मोबाइल चालत नाही आणि व्हीएचएफ रेडिओही किनाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. व्हर्जिन आयलंड्सच्या बाजूला शोध आणि बचावाचं काम व्हायसार ही संस्था बघते, चॅनेल १६.

टप्पा ६: माणसं

रात्रीचं जेवण दुपारीच करून ठेवा. मऊ मुगाची खिचडी मोठ्या थर्मासमध्ये, वाटीत घेऊन एका हाताने खाता येते. तळलेलं, आंबट आणि बिअर, तिन्ही त्या दिवशी नको. आलेपाक किंवा आल्याच्या वड्या खिशात ठेवा. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या निदान दोन तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि कुणाला किती झोप येते हे कळायला ती आधी एकदा जमिनीवर घेऊन बघा. भारतात स्टुजेरॉन सहज मिळते पण अमेरिकेत मिळत नाही, तेव्हा तिकडून बोटीवर येणाऱ्यांनी पर्याय आधी शोधावा.

चार माणसं असतील तर दोघादोघांच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या, दोनच असाल तर तीन तास जागायचं, तीन तास झोपायचं. पाळ्या सात वाजल्यापासूनच सुरू करा. पहिल्या रात्री उत्साहात सगळे अकरापर्यंत कॉकपिटमध्ये गप्पा मारत बसतात आणि दोन वाजता सगळेच एकदम गळतात. पाळी नसलेल्याने डोळे मिटून आडवं व्हायचं, झोप येवो न येवो.

सावधान: अंधारात लाइफ जॅकेट आणि टेदर खाली, जिन्यातच लावायचे आणि क्लिप करूनच वर यायचं. कॉकपिट सोडून पुढे जायचं असेल तर दुसऱ्याला उठवायचं. पुरुषांनी रेलिंगला उभं राहून लघवी करायची नाही, खाली टॉयलेटमध्ये बसून करायची. यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

टप्पा ७: निघणं

बोट लगूनच्या (पुलाआतल्या खाऱ्या तळ्याच्या) आत असेल तर सिंप्सन बेचा पूल ठराविक वेळांनाच उघडतो. त्या दिवसाचं वेळापत्रक बघा, पुलाचा चॅनेल १२. संध्याकाळच्या शेवटच्या वेळेवर अवलंबून राहू नका, सकाळीच बाहेर येऊन खाडीत नांगर टाका, दुपारी झोप काढा.

नांगर उचलायच्या आधी मेनला (मुख्य शिडाला) दोन रीफ घेऊन ठेवा, म्हणजे ते दोन टप्प्यांनी लहान करून ठेवा. पाठीमागच्या वाऱ्यात रात्री रीफ घेणं म्हणजे बोट वाऱ्याकडे वळवणं, शिडांचा धडधडाट आणि कुणीतरी अंधारात डोलकाठीपाशी. हे सगळं टाळता येतं.

बेटाच्या पश्चिम टोकाला दीड मैलाचं तरी अंतर देऊन जा आणि तोवर एकाने पुढे बसून पिंजऱ्यांचे फ्लोट बघत राहायचं. बरेचदा ते फ्लोट म्हणजे रिकामी प्लास्टिकची बाटलीच असते. इंजिन चालू असताना दोरी पंख्यात गुंतली की रात्र तिथेच संपली. सारगॅसम गवताचे मोठे पट्टेही लागतात, त्यांना वळसा घाला.

टप्पा ८: रात्र

वारा ईशान्येकडे झुकलेला असेल तर तो उजव्या पाठीमागच्या कोपऱ्यावर येतो आणि सगळं सुखात चालतं. नेमका पूर्वेचा झाला की तो जवळजवळ सरळ पाठीवर येतो. बोट डोलायला लागते, शिड फडफडतं आणि सुकाणूवरचा माणूस नकळत आरामाची दिशा धरतो, म्हणजे थोडं उत्तरेकडे. बोट शांत होते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि ती दिशा सकाळपर्यंत तुम्हाला हॉर्सशू रीफकडे नेते. म्हणून नियम एकच: मार्गाच्या उत्तरेला २ मैलांपेक्षा जास्त गेलो की कॅप्टनला उठवायचं, तो कितीही गाढ झोपलेला असो. दक्षिणेला थोडं गेलात तर चालतं.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं स्पष्ट मत आहे की वारा स्थिर आणि पाठीवर असेल तेव्हा मेन उतरवून बांधा आणि नुसत्या जिबवर (पुढच्या शिडावर) जा. बोट थोडी जास्त डोलेल पण आपोआप जायब होऊन (मेन एकदम दुसऱ्या बाजूला फिरून) बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, कुणाच्या डोक्यात बसायचा धोका संपतो, आणि हळूच तर जायचं आहे. उलट, माणूस पाण्यात पडला तर वाऱ्याविरुद्ध परत यायला जिब पुरत नाही, तेव्हा इंजिन लगेच चालू होईल असं तयार हवं, आणि पाण्यात कुठली दोरी लोंबत नाही हे बघूनच ते गिअरमध्ये टाकायचं. मेन ठेवलीच तर प्रिव्हेंटर (बूम फिरू न देणारी दोरी) लावा: बूमच्या अगदी टोकापासून दोरी पुढे बोटीच्या टोकापर्यंत (नाळेपर्यंत), तिथल्या ब्लॉकमधून फिरवून परत कॉकपिटमध्ये. बूमच्या मध्यावर बांधाल तर जोराच्या धक्क्याने बूमच मोडू शकतो.

दर तासाला लॉग: जागा, दिशा, स्पीड, वारा, बॅटरीचे व्होल्ट, बॅरोमीटर. बॅरोमीटर इथे रोजच दोन-तीन मिलिबार वर-खाली होतो, सकाळी-रात्री दहाला वर आणि पहाटे-दुपारी चारला खाली. त्याला घाबरू नका, पण हा ठेका मोडून तो सलग उतरत राहिला तर लक्ष द्या.

दर दहा मिनिटांनी उभं राहून चारही बाजूंना नजर फिरवायची. क्रूझ शिप रात्रीच या बेटांमधून फिरतात, २० नॉटने. समोरून येणारं जहाज ८ मैलांवर दिसलं तर तुमच्यापर्यंत यायला अठरा-वीस मिनिटंच लागतात. ते झगमगत असतं, त्यामुळे त्याचे लाल-हिरवे दिवे त्या झगमगाटात शोधावे लागतात. कंपासने त्याची दिशा घ्या, पाच मिनिटांनी परत घ्या, फरक पडला नाही तर ते तुमच्यावरच येतंय. चॅनेल १६ वर नाव घेऊन बोला.

त्याहून धोकादायक टग, म्हणजे दुसऱ्याला ओढणारी बोट. एकावर एक तीन पांढरे दिवे दिसले तर तो टग मागे २०० मीटरपेक्षा लांब दोरीवर बार्ज (मालवाहू तराफा) ओढतोय. बार्जवरचे दिवे मिणमिणते असतात आणि मधली जागा मोकळी वाटते. तिथून कधीही जायचं नाही, पूर्ण जोडीच्या मागून जा.

स्क्वॉल (अचानक येणारा पाऊस-वाऱ्याचा झोत) अंधारात असा कळतो: वाऱ्याच्या बाजूला क्षितिजाजवळचे तारे एकेक करून जातात, रडारवर गोळा दिसतो, आणि मग एकदम गार झुळूक मानेला लागते. झुळूक लागली म्हणजे मिनिट-दोन मिनिटंच आहेत. तारे जाताना दिसले तेव्हाच जिब निम्मं गुंडाळा. स्क्वॉल गेल्यावर वारा अनेकदा पडतो, तेव्हा लगेच शिड वाढवू नका, पंधरा मिनिटं थांबा.

तपासणी: मोबाइल बघितलात? अंधाराला सरावलेले डोळे गेले, परत यायला वीस-तीस मिनिटं लागतील. प्लॉटर पूर्ण मंद, खाली फक्त लाल दिवा.

टप्पा ९: पहाट

पाच वाजता अंतर बघा. १२ मैलांपेक्षा जवळ असाल तर तिथेच हळू व्हा किंवा हीव्ह टू करून (शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून जवळजवळ एका जागी) थांबा. लांब टॉर्टोलाचे दिवे दिसायला लागतात आणि सगळ्यांना पोचल्यासारखं वाटतं, तोच मोह टाळायचा. जवळच्या छोट्या बेटांवर आणि खडकांवर उजेड नसतो, आणि चार्टवर दिवा छापलाय म्हणून तो लागेलच असं धरून चालू नका, विशेषतः २०१७ च्या इर्मा हरिकेननंतर.

उजाडलं, जिंजर आयलंड आणि राउंड रॉक डोळ्यांनी वेगवेगळे ओळखता आले आणि प्लॉटरशी जुळले, की इंजिन चालू करून आत शिरा.

मुंबईत शिकलेल्यांनी इथे फार सांभाळायचं. भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायची सवय असते. कॅरिबियनमध्ये उलट, आत शिरताना लाल उजव्या हाताला. झोप न झालेल्या डोक्यात जुनी सवयच वर येते, म्हणून सुकाणूसमोर चिकटपट्टीवर लिहून लावा: "आत जाताना लाल उजवीकडे."

टप्पा १०: नांगर आणि क्लिअरन्स

पिवळा क्यू झेंडा (क्लिअरन्स बाकी असल्याची खूण) वर करा. राउंड रॉककडून येताना द बाथ्सचा किनारा वाटेतच लागतो, निळं पाणी, बोट बांधायचे रिकामे मुअरिंग, आणि पोरं म्हणतात पाच मिनिटं उडी मारू. नाही. आधी स्पॅनिश टाउन, क्लिअरन्स, मग पोहणं. कॅप्टनने एकट्याने सगळ्यांचे पासपोर्ट, बोटीचे कागद आणि सेंट मार्टिनचा क्लिअरन्स घेऊन जायचं, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. सुट्टीच्या दिवशी किंवा ऑफिसच्या वेळेबाहेर जादा पैसे लागतात, रोख जवळ ठेवा. उत्तरेच्या स्वेलमुळे स्पॅनिश टाउनसमोर फार हलत असेल तर गन क्रीकलाही क्लिअर करता येतं, पण तिथे जायचं तर नॉर्थ साउंडमध्ये बोयांच्या वाटेनेच, भर उजेडात.

क्लिअर झालं की क्यू झेंडा खाली, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा झेंडा वर, आणि किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या त्या माणसाला फोन. मग बिल्ज बघा, डिझेल फिल्टरच्या वाटीत पाणी किंवा गाळ आलाय का बघा, प्रिव्हेंटर आणि शीट (शिडं ओढायच्या दोऱ्या) कुठे घासल्यात ते बघा. त्या दिवशी पुढच्या बेटावर जायचं नाही, सगळ्यांनी झोपायचं.